उदास क्षयरुग्णाला चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवू नका

प्रति,
मा. राज्य क्षयरोग अधिकारी, महाराष्ट्र,
राज्यातील सर्व जिल्हा व शहर क्षयरोग अधिकारी,
आणि डीआर-टीबी (औषधाला दाद न देणारा टीबी) केंद्रांत काम करणारे माझे सहकारी डॉक्टर

स. न. वि. वि.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. यंत्रमाग आणि विडी या दोन धंद्यांवर जगणाऱ्या एका जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, आणि आठवड्यातले काही तास सरकारी ओपीडीतही बसते. क्षयरोग केंद्रांतून माझ्या नावाने चिठ्ठ्या निघतात. त्यांवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘एमडीआर टीबी, रुग्ण उदास वाटतो, मत द्यावे.’ चिठ्ठी निघते, पण माणूस पोचतोच असं नाही. जे पोचतात ते फार उशिरा पोचतात. म्हणून हे पत्र.

माझं मागणं थोडक्यात सांगते. औषधाला दाद न देणाऱ्या, म्हणजे एमडीआर, टीबीच्या रुग्णाला नैराश्य आलं, तर त्याचे उपचार तुमच्याच केंद्रात, तुमच्याच माणसांच्या हातून सुरू व्हावेत. नैराश्य आहे का, हे विचारायची सुरुवात टीबीच्या पहिल्या गोळीच्या दिवशीच व्हावी. माझ्यापर्यंत पाठवायची वेळ थोड्यांवरच यावी. माझ्या विषयाची माणसं सहसा उलटं मागतात, आमच्याकडे अधिक रुग्ण पाठवा म्हणतात. मी ते मागत नाही, कारण या रुग्णांच्या बाबतीत ते होणार नाही, हे मी पुरतं पाहिलं आहे.

का होत नाही, ते बघा. यंत्रमागावरचा कामगार महिन्यातून एकदा गोळ्या न्यायला येतो, तेव्हा त्याची एक पाळी बुडते. मानसोपचाराची ओपीडी दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी. म्हणजे आणखी एक पाळी. क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झाले, ही चांगली गोष्ट झाली, पण बुडालेल्या रोजगारापुढे ते कुठे पुरतात? शिवाय थुंकी अजून पॉझिटिव्ह असेल, तर माझ्या ओपीडीच्या गर्दीत त्याला तासभर बसवणं तुम्हालाही पटणार नाही. आणि घरचे काय म्हणतात? ‘टीबी झाला तेवढं पुरे नव्हतं का, आता डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला?’ दम लागतो, तळपायांची आग होते, जिना चढवत नाही, अशा माणसाला आपण आणखी एका रांगेत उभं राहायला सांगतो. नैराश्याच्या माणसाकडे नेमकं तेच बळ नसतं.

‘एवढ्या गोळ्या खाऊन कोण आनंदात राहील?’ हे वाक्य मी टीबी सुपरवायझरांकडून, आशाताईंकडून आणि डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण या दयेपायीच रुग्णाचे महिने वाया जातात. टीबीत ताप येणं साहजिक आहे, म्हणून आपण तो मोजायचं सोडत नाही. दुःख होणं वेगळं. दोन आठवडे उलटून गेले तरी कशातच मन लागत नाही, पोराच्या हसण्यानेही काही हलत नाही, आपण घरावर ओझं आहोत ही एकच गोष्ट डोक्यात फिरते, आणि सकाळ नकोशी होते, हा आजार आहे. त्याला औषध आहे, बोलण्याचे उपचार आहेत, आणि ते टीबीचा उपचार चालू असताना देता येतात.

पेरूमध्ये, लिमा शहरात, एमडीआर टीबीच्या ७५ रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. एमडीआरची औषधं सुरू करण्याआधीच त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना नैराश्य होतं. उपचार सुरू झाल्यावर आणखी काहींना ते नव्याने आलं, काहींना भ्रम झाले. सायक्लोसेरीन हे एमडीआर टीबीचं औषध मनावर परिणाम करतं, हे आपण सगळे जाणतो. तरीही मानसिक त्रास झालेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांमध्ये ते पुढे चालू ठेवता आलं, कारण त्रास ओळखला गेला आणि त्यावर लगेच उपचार झाले. या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हे काम झालं ते गरीब वस्त्यांत, परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्या जोरावर. श्रीमंत रुग्णालयातली ही गोष्ट नाही.

उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण आपल्या आढावा बैठकांत नेहमी निघतात. कोणी गावी गेला, कोणी दारू प्यायला लागला, कोणाला उलट्या सोसवल्या नाहीत. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नैराश्य असलेल्या क्षयरुग्णांमध्ये मृत्यू आणि उपचार सोडणं या दोन्ही गोष्टी जास्त दिसल्या. ‘दारू प्यायला लागला’ या शेऱ्यामागे कितीदा न विचारलेलं नैराश्य असतं, हे माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांनी मला दाखवलं आहे. सायक्लोसेरीनवर दारू प्यायली की फिट येण्याचा धोका वाढतो. मग फिट आली म्हणून औषध बंद, आणि टीबीचा उपचारक्रम लंगडा होऊन बसतो.

आता विचारायचं कसं, ते सांगते. हे प्रत्येक उपचार केंद्रावर जमण्यासारखं आहे. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेलाय का? मन उदास, निराश वाटतं का? प्रत्येकाचं उत्तर ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. हे दोन प्रश्न जगभर वापरले जातात, आणि विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर काळजीचं वाटलं तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी घ्यायची. ती पीएचक्यू-९ या नावाने मराठीतही मिळते.

पण क्षयरुग्णाच्या बाबतीत ही यादी डोळे झाकून वापरू नका. भूक मंदावणं, वजन उतरणं, थकवा, झोप मोडणं हे तर टीबीतही होतं. नुसती बेरीज केली, तर धडधाकट मनाचा रुग्णही यादीत वर जाऊन बसेल. म्हणून मी ज्यांना शिकवते त्यांना सांगते, शरीराच्या ओळींपेक्षा मनाच्या ओळींकडे बघा. रस गेला का? पुढचं काही दिसतं का? स्वतःला दोष देतोय का? आमच्याकडची माणसं ‘मी निराश आहे’ असं कधी म्हणत नाहीत. ‘काय बी करू वाटंना’, ‘डोकं गच्च झालंय’, ‘जीव नको झालाय’, ‘घरच्यांना माझा वैताग आलाय’, असं म्हणतात. बायका छातीत धडधड सांगतात, पुरुष झोप सांगतात. प्रश्न विचारणाऱ्याने हे कान देऊन ऐकायला हवं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारायला कर्मचारी घाबरतात. विचारलं तर डोक्यात येईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्याने माणूस हलका होतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. दुसरी भीती पोलिसांची असते: फाइलवर लिहिलं तर लचांड मागे लागेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. आणि मनात नुसता विचार येणं हा तर कधीच गुन्हा नव्हता. तो फाइलवर लिहा. लिहिलेलं असेल, तर पुढच्या पाळीच्या माणसाला कळेल. त्या रुग्णाला एकटं सोडू नका, गोळ्या घरच्या विश्वासाच्या माणसाच्या हाती आठवड्यापुरत्याच द्या, आणि त्याच दिवशी फोन करा. माझ्याकडे पाठवायचा रुग्ण तो हा. अशा वेळी चिठ्ठी पुरत नाही, सोबत माणूस द्या.

नैराश्य असं लिहिण्याआधी एक रक्ततपासणी मात्र चुकवू नका. इथिओनामाइड आणि पास (पीएएस) ही टीबीची औषधं, विशेषतः दोन्ही एकत्र असली, की थायरॉइड मंदावतं. माणूस सुस्त होतो, चेहरा सुजतो, बोलणं जड होतं, कशातही लक्ष लागत नाही. असे रुग्ण माझ्याकडे नैराश्य म्हणून आले आहेत. टीएसएच ही थायरॉइडची तपासणी केली, थायरॉइडची गोळी सुरू केली, आणि काही आठवड्यांत माणूस पूर्वीसारखा झाला. नैराश्याच्या गोळीची गरजच नव्हती. हिमोग्लोबिनही बघा, लिनेझोलिड हे टीबीचं औषध रक्त कमी करतं. साखर बघा. बी-६ जीवनसत्त्वाची गोळी खरंच पोटात जाते का, तेही विचारा. टीबीच्या गोळ्या मोजून घेतल्या जातात आणि ‘ती छोटी’ गोळी डब्यात राहते.

आता औषधांकडे येते. तुमचे वैद्यकीय अधिकारी ‘नैराश्याची औषधं आमच्या गोळ्यांबरोबर चालत नाहीत’ या समजापायी हात आखडतात. समज पूर्ण चुकीचा नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

या दोन शाखांची औषधं मुळातच नात्यातली आहेत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांना आयसोनियाझिड आणि त्याचंच भावंड असलेलं आयप्रोनियाझिड देऊन पाहिलं गेलं. फुप्फुसं सुधारायला लागलीच, पण अंथरुणाला खिळलेली माणसं उठून वॉर्डात नाचायला लागली. त्यांच्या नाचाचे फोटो तेव्हा छापून आले. पुढे १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने आयप्रोनियाझिड नैराश्याच्या रुग्णांवर वापरलं. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक टीबीच्या वॉर्डातून असं बाहेर आलं. यकृताला इजा करत असल्याने ते नंतर मागे घ्यावं लागलं. मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) ते रोखायचं. आज तुम्ही देता ते लिनेझोलिडही हेच विकर थोड्या प्रमाणात रोखतं, आणि अडचण तिथून सुरू होते.

लिनेझोलिडबरोबर सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन अशी सेरोटोनिन वाढवणारी औषधं दिली, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: थरथर, घाम, ताप, अस्वस्थपणा, पायांना झटके. प्रत्यक्षात हे क्वचित घडतं, पण घडलं तर जीवावर बेततं. म्हणून औषध अगदी कमी मात्रेपासून सुरू करा, पहिले दोन आठवडे रुग्ण नजरेखाली ठेवा, आणि घरच्यांना ही लक्षणं समजावून सांगा. फ्लुओक्सेटिन सरकारी औषधसाठ्यात सहज सापडतं, पण ते शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं; त्रास झाला आणि थांबवलं, तरी लगेच सुटका नाही. या रुग्णांत मी ते टाळते.

दुसरी अडचण हृदयाची. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, डेलामनिड ही टीबीची औषधं सगळी ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतात; ते फार लांबलं, तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. नैराश्याच्या औषधांत सिटॅलोप्रॅम आणि एस्सिटॅलोप्रॅमही तेच करतात. सर्ट्रालिनचा हा दोष बराच कमी आहे, म्हणून बेडाक्विलिनवरच्या रुग्णात मी बहुधा त्यापासून सुरुवात करते. ज्याला भूक नाही, झोप नाही आणि वजन चढत नाही, त्याच्यासाठी मिर्टाझापिनचा विचार करते, कारण ते भूक आणि झोप दोन्ही सुधारतं. ईसीजी तर तुम्ही करताच आहात. बेडाक्विलिनसाठी जी तारीख पडलेली आहे, तोच कागद नैराश्याच्या गोळीसाठीही वाचायचा. टीबी केंद्राकडे देखरेखीची ही सोय आयती आहे. माझ्या ओपीडीत ती नाही.

इथे एका गोष्टीकडे तुमचं लक्ष मुद्दाम वेधते. लिनेझोलिडमुळे तळपायांची आग सुरू झाली, की जवळचा डॉक्टर अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतो. दोन्ही मुळात नैराश्याची औषधं आहेत. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिलं जातं, तेही सेरोटोनिन वाढवतं. उलट्यांसाठी ऑन्डॅनसेट्रॉन, ते क्यूटी लांबवतं. म्हणजे ज्या धोक्याला घाबरून नैराश्याचं औषध दिलं जात नाही, तोच धोका दुसऱ्या नावांनी त्याच पिशवीत आलेला असतो, आणि नैराश्य तसंच राहतं. महिन्याच्या भेटीला रुग्णाची सगळी पिशवी टेबलावर ओतायला सांगा. गावातल्या दुकानातून आणलेलंही त्यात सापडेल.

साध्या, औषधाला दाद देणाऱ्या टीबीत वेगळी गोष्ट घडते. रिफाम्पिसिन यकृतातली विकरं इतकी वाढवतं की नैराश्याची बरीच औषधं शरीरातून लवकर निघून जातात. गोळी घेऊनही गुण येत नाही, कारण ती रक्तात टिकत नाही. मात्रा वाढवावी लागते. आणि रिफाम्पिसिन संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत तीच वाढवलेली मात्रा जड होते. ही तारीख लक्षात ठेवणारा माणूस टीबी केंद्रातलाच असू शकतो. मला ती कळणार कशी?

सायक्लोसेरीनवरच्या रुग्णात नैराश्य सौम्य असेल, तर मात्रा वजनाप्रमाणे बरोबर आहे का आणि मूत्रपिंड ठीक चालतंय का ते बघून, बी-६ची खात्री करून, नैराश्याचा उपचार जोडता येतो. मरणाचे विचार किंवा भ्रम असतील, तर मात्र सायक्लोसेरीन त्याच दिवशी थांबवा आणि मग आपण दोघांनी फोनवर पुढचं ठरवू. ‘मत द्यावे’ म्हणून चिठ्ठी पाठवून ते औषध पुढचा आठवडाभर चालू ठेवणं धोक्याचं आहे.

भ्रम झालेल्या रुग्णाचे हाल तर कोणाच्या हिशेबातच नाहीत. मनोरुग्णालय म्हणतं थुंकी पॉझिटिव्ह आहे, आम्ही ठेवू शकत नाही. टीबीचा वॉर्ड म्हणतो पेशंट आवरत नाही, आम्ही ठेवू शकत नाही. मधल्या मध्ये नातेवाईक रात्रभर रिक्षात. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी हवा खेळती असलेली एकेक खोली अशा रुग्णांसाठी राखून ठेवण्याचा लेखी निर्णय आरोग्य खात्यात, वरूनच व्हायला हवा. जिल्ह्याच्या पातळीवर कोणी कितीही धडपडलं, तरी तो होत नाही.

गोळ्यांनी सगळं होतं असं मी मानत नाही. आपल्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाचं नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली. मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, शिकवून तयार केल्यावर, सहा ते आठ बैठकांत रुग्णांशी बोलून उपचार केले. तीन महिन्यांनी, हे उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले. त्या बैठकांत करायचं काय, तर माणसाने सोडून दिलेल्या गोष्टी एकेक करून त्याच्या दिवसात परत आणायच्या. क्षयरुग्णाच्या बाबतीत मी हे असं बसवते: सकाळी ओट्यावर उन्हात बसायचं, मास्क लावून संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यायचं, पोरीचा अभ्यास दारात बसून घ्यायचा, मैत्रिणीला फोन करायचा. मन लागेल तेव्हा करायचं नाही, ठरलेल्या वेळी करायचं. पुढच्या बैठकीत काय जमलं, काय नाही, ते विचारायचं. लिमामध्ये रुग्णांचे गट होते, सहली होत्या, उपचार संपलेल्यांचे छोटे समारंभ होते, कुटुंबांसाठी वेगळ्या बैठका होत्या.

कुटुंबाशी बोलणं हा माझ्या मते या सगळ्याचा कणा आहे. टीबी हवेतून पसरतो. ताट, वाटी, चादर यांतून नाही. हे ज्या दिवशी सासूला नीट समजतं, त्या दिवशी सुनेचं वेगळं ठेवलेलं ताट परत पंगतीत येतं. उपचार नीट सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकर उतरतो, हेही सांगा. एका विडी वळणाऱ्या बाईला गोळ्यांनी जेवढा फरक पडला नव्हता, तेवढा तिचा मुलगा पुन्हा तिच्याजवळ झोपायला लागल्यावर पडला. (इथल्या रुग्णांची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.)

आणि तरुण मुली. क्लोफाझिमिनने कातडीचा रंग काळपट होतो. आपल्याकडे मुलीच्या रंगावर काय काय अवलंबून ठेवलेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. सोयरीक मोडेल म्हणून घरचे आजार लपवतात, आणि रंगाने तो चारचौघांत उघडा पडतो. माझ्याकडे आलेली एक मुलगी आरशावर कापड टाकून ठेवायची. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की औषध संपल्यावर काही महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, हा रंग उतरत जातो. गोळी देतानाच हे वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

‘आता बीपाल-एम आलं, सहा महिन्यांत सगळं आटोपतं, त्यात सायक्लोसेरीनही नाही, मग हा प्रश्न संपलाच’, असं मला अलीकडे दोन-तीन ठिकाणी ऐकवलं गेलं. २०२४ मध्ये केंद्राने बीपाल-एम या चार औषधांच्या उपचारक्रमाला मान्यता दिली, त्याचं मला मनापासून समाधान आहे. पण चौदा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, मेंदूचा किंवा हाडांचा टीबी असलेले, आणि ज्यांचे जंतू बेडाक्विलिनलाच जुमानत नाहीत, ते अजूनही लांबलचक उपचारक्रमावर आहेत. बीपाल-एममध्ये लिनेझोलिड रोज आहे, त्याची आग आहे. आणि लिमातले ते निम्मे रुग्ण आठवा, औषधं सुरू होण्याआधीच नैराश्यात होते. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या महिन्यात लक्षात आलं, तर सहा महिन्यांच्या उपचारक्रमात उरतं काय? उपचारक्रम जितका छोटा, तितकी विचारपूस लवकर हवी. आणि टीबीच्या शेवटच्या गोळीबरोबर नैराश्याची गोळी बंद करू नका. मन सावरल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागते, आणि निक्षय या सरकारी टीबी नोंदणीवरचं नाव तर तोवर बंद झालेलं असतं. या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाती सोपवूनच निरोप द्या.

माणसं कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी आपण करतोच, आणि तिथे प्रशिक्षित समुपदेशक बसलेली असते. रुग्ण तिच्यासमोर बसलेलाच असतो. उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामांत मानसिक आरोग्य आहे. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन मनाची विचारपूस केलेली आहे. या राज्याला हे काम नवं नाही. तमिळनाडूने २०२२ पासून निदानाच्या वेळीच क्षयरुग्णाचं वजन-उंचीचं प्रमाण, श्वास, ऑक्सिजन, पायांची सूज आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं बघून गंभीर रुग्ण वेगळे काढायला सुरुवात केली. त्याच कागदावर मनाचे दोन प्रश्न बसतात.

मी पाहिलेल्या डीआर-टीबीच्या फाइलींत, उपचारापूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत, मानसोपचारतज्ज्ञाच्या मताची एक ओळ असते आणि तिच्यापुढे ‘गरज असल्यास’. गरज आहे का, हे ठरवणारा प्रश्न मात्र कुठेच छापलेला नसतो. तो छापा. पहिल्या दिवशी आणि मग दर महिन्याला, ईसीजीच्या तारखेलाच. सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन केंद्राच्याच औषधखिडकीवर मिळू द्या, रुग्णाला दुसऱ्या खिडकीवर पाठवू नका. डीआर-टीबी समितीच्या बैठकीत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर निदान फोनवर तरी असू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो गोळ्यांच्या पाकिटावर शिक्क्याने उमटवा.

पुढच्या मासिक आढाव्यात थुंकी निगेटिव्ह झालेल्यांच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे मागा: किती रुग्णांना प्रश्न विचारले, आणि ज्यांना नैराश्य निघालं त्यांपैकी किती जणांचे उपचार त्याच केंद्रात सुरू झाले. माझ्या जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला मी शनिवारी दुपारी येऊ शकते, मानधन नको. वैद्यकीय अधिकाऱ्यांना औषधांची शंका असेल, तर ओपीडी चालू असतानाही त्यांचा फोन मी घेईन. तारीख तुम्ही कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मानसोपचारतज्ज्ञ